माईक घरी आला, खोली कुठंय?

दर महिन्याला एखादा तरी माणूस मला विचारतो, दादा घरी रेकॉर्डिंगचा स्टुडिओ टाकायचाय, किती जातील? मी यादी सांगतो, इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), एक कंडेन्सर माईक, हेडफोन, स्टँड, दोन केबल, लॅपटॉप असेलच तुझा, जपून घेतलंस तर चाळीस-पन्नास हजारात होऊन जाईल. समोरचा खूश. मग मी विचारतो घर कितव्या मजल्यावर आहे, खाली रस्ता आहे की गल्ली, भिंतीपलीकडे कोण राहतं, खोलीला खिडक्या किती. इथे त्याचा चेहरा पडतो, कारण हे त्याला कोणत्याच व्हिडिओत कोणी सांगितलेलं नसतं.

मी डोंबिवलीत राहतो, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर, आणि दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये अकरा वर्षं रेकॉर्डिंग करतोय, नोकरी सांभाळून. भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, कोणाच्या आईने लिहिलेल्या कविता, सोसायटीच्या गणपतीची आरती, एकदा एका उमेदवाराचं प्रचारगीत पण केलंय (त्याचे पैसे अजून यायचेत, उमेदवार पडला). मोठं काम नाहीच काही. पण एवढ्या वर्षांनंतर माझं एक मत पक्कं झालंय आणि ते ऐकून लोक हसतात म्हणून ते जरा सविस्तर मांडतो. माझं म्हणणं असं की घरचा स्टुडिओ ही निम्मीच गोष्ट आहे. मशीन स्वस्त झालं ते खरं, पण शांत खोली स्वस्त झाली नाही, उलट दरवर्षी महाग होत चाललीये, आणि ही खोली ज्याने त्याने आपापल्या फ्लॅटात बांधावी अशी अपेक्षा करणं म्हणजे प्रत्येकाने घरात स्वतःचं नाट्यगृह बांधावं असं म्हणण्यासारखं आहे. ती खोली पालिकेने दिली पाहिजे. वाचनालय देते, व्यायामशाळा देते, नाट्यगृह देते, तसंच हे.

हसलात ना? थांबा.

आधी आवाजाचं बोलू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या भोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. आता आपल्याकडे ह्या मर्यादा कोण पाळतं ते सोडा, समजा सगळ्यांनी अगदी शहाण्यासारख्या पाळल्या, तरी रात्रीचे ४५ डेसिबल रेकॉर्डिंगला चालत नाहीत. चांगल्या स्टुडिओत रिकाम्या खोलीचा आवाज २०-२५ डेसिबलच्या आसपास ठेवतात. डेसिबलचा हिशोब सरळ नसतो, वीस डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात शंभरपट. म्हणजे कायद्याने शांत असलेल्या भागातला आवाज पण ऊर्जेच्या हिशोबात स्टुडिओच्या शंभरपट. हे कळलं तेव्हा मला जरा बरं वाटलं, म्हटलं चला, चूक आपली एकट्याची नाहीये.

आणि प्रत्यक्षात काय असतं? सकाळी कुकर, मग भंगारवाला, मग वरच्या मजल्यावर कोणाचं तरी टाइल्सचं काम (आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या अकरा वर्षांत टाइल्सचं काम बंद असलेला एक आठवडा मला आठवत नाही), दुपारी कबुतरं, संध्याकाळी मुलं, रात्री दहापर्यंत टीव्ही, आणि चोवीस तास रेल्वेगाड्या. मी एकदा आठवडाभर टाइमटेबल समोर ठेवून बसलो होतो. शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली येईपर्यंत मला दोन-अडीच तास मिळतील असा हिशोब काढला आणि फार हुशारी केल्यासारखं वाटलं. मग कळलं की त्या वेळात मेल गाड्या जातात आणि मालगाड्या जातात, आणि मालगाडी एकदा सुरू झाली की संपतच नाही, गाणारी बाई माईकसमोर तोंड उघडून उभी आणि आम्ही डबे मोजतोय. बरं रात्री दोन वाजता गायचं कसं? आवाज बसलेला असतो, डोळे मिटत असतात, आणि शेजारी झोपलेत म्हणून तार सप्तकात जाताना माणूस आपोआप आवाज चोरतो.

हे आवाज चोरणं फार महत्त्वाचं आहे, त्याकडे नंतर येतो.

लोक म्हणतात फोम लाव. अरे फोम लावून खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. अंड्यांचे ट्रे तर त्याहून विनोदी, ते नुसतं भिंतीला धूळ धरायला बरे. आवाज अडवायला वजन लागतं आणि हवाबंद फटी लागतात, म्हणजे जाड भिंत, तिच्या आत मोकळी जागा सोडून दुसरी भिंत, जड दार, खिडकी बुजवलेली किंवा दुहेरी काचेची, खरं तर खोलीच्या आत खोली. ते केलं की हवा खेळत नाही म्हणून एसी, आणि एसीचा पुन्हा आवाज, म्हणून तो वारा लांबच्या डक्टमधून फिरवून आणायचा. मी एकदा मिस्त्रीला बोलावून विचारलं होतं. त्याने जो आकडा सांगितला त्यात माझी सगळी साधनसामग्री सहा-सात वेळा आली असती, वर दहा बाय दहाची खोली साडेआठ बाय साडेआठ होणार होती आणि स्लॅबवर एवढं वजन टाकायचं की नाही ते इंजिनियरला विचारा म्हणाला. बायकोने एवढंच विचारलं, मग झोपायचं कुठे?

आणि एवढं सगळं करून चौकोनी छोटी खोली ती चौकोनी छोटीच राहते. दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर, तेवढ्या अंतरावर समोरासमोर भिंती असल्या की ५६-५७ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो आणि मग त्याच्या दुपटीला, म्हणजे ११३ च्या आसपास पुन्हा. लांबी रुंदी सारखीच, उंची पण जवळपास तेवढीच, म्हणजे तिन्ही बाजूंनी फुगवटा एकाच जागी. डग्ग्यावर एक घुमार मारा, पखवाजावर थाप मारा, खोलीच वाजायला लागते. गायकाच्या आवाजाला गोधड्या टांगून, कपड्यांचं कपाट उघडं ठेवून भागतं, मी पण तेच करतो आणि खोटं कशाला बोलू, बरं येतं. पण खालच्या स्वरांना गोधडी काही करत नाही.

आता मूळ मुद्दा. ह्या सगळ्याचा त्रास फक्त मला झाला असता तर मी लेख लिहिला नसता, हौसेला मोल नसतं म्हणून गप्प बसलो असतो. पण ह्या खोलीमुळे गाणंच बदलतंय.

आमच्याकडे एक ढोलकीवाले काका आहेत, साठीचे, तमाशाच्या फडापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे वाजवून झालेलं. सुरुवातीला मी त्यांना बोलवायचो. पहिल्या वेळेला वीस मिनिटांत खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. दुसऱ्या वेळेला सेक्रेटरी आले. तिसऱ्या वेळेला पत्र आलं, की राहत्या जागेत वाद्यं वाजवून इतर सभासदांना उपद्रव होतो वगैरे. आणि खरं सांगू, त्यांचं चुकलं नव्हतं. ढोलकी ही काही फ्लॅटमध्ये वाजवायची गोष्टच नाही, ती मोकळ्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला बनलेली, तिला भिंतीपलीकडे पोचायला किती वेळ लागतो. मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच. पॅकमधले लूप घेतले, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेले, पुन्हा पुन्हा फिरवायचे तयार तुकडे. इतके रुपयांत इतके ढोलकीचे लूप, अमुक तालाचे, तमुक लयीचे, ओढा आणि ठेवा. काकांना फोन करून सांगितलं तर हसले, म्हणाले "अहो साहेब, ती कॉम्प्युटरमधली ढोलकी बरीच की. तिला रिक्षाभाडं द्यावं लागत नाही, आणि ती चहा पण मागत नाही."

आता तुम्ही गेल्या काही वर्षांतली, छोट्या लोकांनी घरी केलेली मराठी गाणी नीट ऐका. लग्नाची, हळदीची, देवीची, गणपतीची. मी नाव घेत नाही कारण मी पण त्यातलाच. त्याच चार लूपवर अर्धा महाराष्ट्र नाचतोय. तीच थाप, तोच उठाव, तोच तुकडा. लोकांना वाटतं संगीतकार आळशी झाले. काही झालेही असतील, पण आळस हे मुख्य कारण नाही. ढोलकी घरात रेकॉर्ड करताच येत नाही हे कारण आहे. संबळ येत नाही. हलगीचं तर विचारूच नका, चामड्याची हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, विस्तव करून, म्हणजे कातडं ताणून कडक बोलतं. तिसऱ्या मजल्यावर विस्तव करून बघा कोणीतरी.

अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. छोट्या खोलीत एका वेळी एकच माणूस रेकॉर्ड होतो. म्हणजे आधी पेटी, मग तबला, मग गायक, मग कोरस, मग टाळ, वेगवेगळ्या दिवशी. सगळे नंतर एकत्र बसायला हवेत म्हणून कानात क्लिक द्यावा लागतो, टक टक टक टक, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लय. आता भजन घ्या. भजनात लय कुठे एक असते? सुरुवातीला ठाय, मग हळूहळू चढत जाते, गजराला तर मृदंगवाला टाळकऱ्यांकडे बघतो, टाळकरी बुवांकडे बघतात, बुवा डोळे मिटून मान हलवतात आणि सगळे एकदम वर जातात. ही नजरानजर म्हणजेच ते गाणं आहे. मी बारा जणांचं एक मंडळ असं तुकड्या तुकड्याने रेकॉर्ड केलं होतं, तीन रविवार लागले, सूर बरोबर, ताल बरोबर, सगळं साफ. बुवांनी ऐकलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले "छान झालंय हो, पण हे आम्ही नाही." मला आजही ते वाक्य टोचतं कारण ते खरं होतं.

तर खोली गाणं ठरवते असं मी म्हणतो ते ह्या अर्थाने. हे काही नवीन नाही म्हणा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं ते हॉटेलच्या खोलीत, म्हणजे आपल्याकडच्या रेकॉर्डिंगची सुरुवातच एक प्रकारे होम स्टुडिओने झालीय. माईक नव्हता, भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं, आणि तबकडीवर मावतं तेवढंच, तीन मिनिटांच्या आसपास. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायला लागला आणि त्यातून गाण्याची एक नवीनच घडण तयार झाली. तंत्र बदललं की गाणं बदलणारच, त्याबद्दल रडून उपयोग नाही हे मला मान्य आहे.

आणि इथे लोक लगेच अमेरिकन गायिका बिली आयलिशचं उदाहरण देतात. २०१९ चा तिचा अल्बम, लॉस एंजेलिसमध्ये भावाच्या बेडरूममध्ये केला आणि ग्रॅमी घेऊन गेला, मग तुम्हाला काय धाड भरलीय? बरोबर आहे, पण तो अल्बम ऐका ना. ती कुजबुजते. माईकला ओठ लावून, कानात बोलल्यासारखी गाते, बाकीचं बरंचसं कॉम्प्युटरमध्ये बनलेलं. ते गाणं बेडरूममध्ये जन्मलं म्हणून बेडरूमच्या आकाराचं आहे आणि सुंदर आहे, मला मनापासून आवडतं. पण पोवाडा बेडरूमच्या आकाराचा नाही. लावणीची साद, वासुदेवाची हाक, गोंधळातला संबळ, दिंडीतले टाळ, हे सगळं अंगणाच्या आणि मैदानाच्या मापाचं आहे. आता ज्या पोरापोरींकडे फक्त बेडरूमच आहे ती कुठलं गाणं करतील? कुजबुजीचं. शेजारी झोपलेत म्हणून आवाज चोरायची सवय लागली की ती सवय हळूहळू शैली होते, आणि दहा वर्षांनी आपण म्हणणार नवीन पिढीचा गळाच मोकळा नाही. गळा मोकळा आहे हो, मोकळं गायला जागा कुठाय?

एक विरुद्ध बाजू मला स्वतःलाच पटते, ती पण सांगतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला शांतता लागतेच असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ ह्या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या काहींच्या ध्वनिफिती पण आहेत. त्या काही हवाबंद खोलीत झाल्या नाहीत, आणि तसल्या ध्वनिफितीत जात्याची घरघर आली, पोरं बोलली, एखादा कोंबडा आरवला तर कोणी म्हणणार नाही की कोंबडा काढा. तो त्या ओवीचाच आहे. पण माझ्या मालगाडीचं तसं नाही, ती त्या अभंगाची कोणी लागत नाही. आवाज ठेवायचा की काढायचा हे ठरवण्याची सोय हातात असणं वेगळं आणि तो गळ्यात पडणं वेगळं.

तिसरा युक्तिवाद सॉफ्टवेअरवाल्यांचा, की आता एआयने गोंगाट काढून टाकता येतो. येतो. मी वापरतो. कुकरची शिट्टी तर इतकी सफाईने जाते की आश्चर्य वाटतं. पण टाळ वाजल्यावर मागे जी झिणझिण रेंगाळते, तंबोऱ्याची जवारी बोलते, ती बारीक आवाजात असते आणि गोंगाटात मिसळलेली असते, सॉफ्टवेअर ती पण खरडून काढतं. भांडं चकचकीत होतं आणि कल्हई निघून जाते. शिवाय ज्या तानेला गायिकेने शेजाऱ्यांच्या भीतीने हात आखडता घेतला ती तान कोणतं प्लगइन परत आणणार?

मग पालिका कशाला, खासगी स्टुडिओ आहेत की. आहेत, अंधेरीला आहेत, ठाण्याला आहेत, चांगले आहेत. तासाला हजार-दीड हजार, इंजिनियरचे वेगळे, आणि बारा माणसं, पखवाज, पेटी, टाळांची पिशवी घेऊन लोकलने जायचं, तिथे पोचून श्वास शांत होईपर्यंत अर्धा तास, मीटर चालू. एखाद्या मंडळाचा वर्षाचा जमाखर्च एका दिवसात संपतो. जिथे नफा आहे तिथे खासगी स्टुडिओ होणार आणि नफा जाहिरातीत, सिरियलमध्ये, डबिंगमध्ये आहे, त्यात त्यांची चूक नाही. पण मग भजनी मंडळाने, शाहिराने, कॉलेजच्या पोरांनी कुठे जायचं?

आता कोणी म्हणेल सरकारने गाण्यासाठी खोली बांधायची ही काय कल्पना आहे. अहो, ही कल्पना माझी नाहीच, आपल्याकडे होऊन गेलीय. आकाशवाणी म्हणजे दुसरं काय होतं? नागपूर केंद्र १९४८ चं, पुणे १९५३ चं. पुण्याचं केंद्र सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, तिथून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, आणि दर आठवड्याला नवं गाणं, असं वर्षभर, छप्पन गाणी. आपण गदिमांची प्रतिभा म्हणतो, बाबूजींची प्रतिभा म्हणतो, आणि म्हणायलाच पाहिजे. पण मला त्याच्या मागची खोली पण दिसते. दर आठवड्याला गायक, वादक, सगळे एका ठिकाणी जमतील, शांत असेल, माईक लागलेला असेल आणि तासाचं भाडं कोणी मागणार नाही, अशी एक खोली सरकारने बांधून ठेवली होती. ती नसती तर ह्या दोन माणसांनी वर्षभर ते कुठे केलं असतं? एखाद्या धनिकाच्या दारात जाऊन बसले असते कदाचित.

बाहेर बघायचं तर हेलसिंकीत २०१८ च्या डिसेंबरमध्ये ओदी नावाचं सार्वजनिक वाचनालय उघडलं, त्यात पुस्तकांबरोबर रेकॉर्डिंगच्या खोल्या आहेत, कोणीही वेळ राखून वापरू शकतो. फिनलंड श्रीमंत देश आहे, मान्य. पण वाचनालयात गाण्याची खोली हा विचार श्रीमंतीचा नाही. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, म्हणजे लोकांना ज्ञान फुकट किंवा स्वस्तात मिळावं ही सरकारची जबाबदारी हे आपण साठ वर्षांपूर्वीच कबूल केलंय. त्या काळात ज्ञान म्हणजे पुस्तक होतं. आज ज्याला काही सांगायचंय तो रेकॉर्ड करतो.

आणि हो, मला माहितीये तुम्ही आता काय म्हणणार. नाट्यगृहाची संडासं धड ठेवता येत नाहीत, एसी मध्येच बंद पडतो, आणि हे स्टुडिओ चालवणार! ही शंका सगळ्यात खरी आहे आणि ह्यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. माझं उत्तर, पालिकेने स्टुडिओ चालवूच नये. मशीन घेऊच नये. मिक्सर, माईक, कॉम्प्युटर घेतले की टेंडर आलं, टेंडर आलं की तिप्पट किमतीचं नको ते सामान आलं, उद्घाटन झालं, फीत कापली, आणि सहा महिन्यांत चार केबल गायब आणि खोलीला कुलूप. मशीन आमच्याकडे आहे, पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं. आम्हाला फक्त खोली द्या. जाड भिंती, जड दार, खिडकी नको, वीस-पंचवीस माणसं मांडी घालून बसतील एवढी जमीन, लांबी रुंदी उंची एकसारखी नको, आवाज न करणारी हवा, आणि चांगलं अर्थिंग (हे विसरू नका, जुन्या बिल्डिंगमधल्या अर्थिंगमुळे निम्मी रेकॉर्डिंग हम्म्म करत असतात). बास. भिंत चोरीला जात नाही. रिकाम्या खोलीत बिघडण्यासारखं फार काही नसतं, झाडू मारला की झालं.

जागा नाही हे मी ऐकून घेणार नाही. प्रत्येक नाट्यगृहात तालमीचा हॉल असतो, नाहीतर सामान टाकायची एखादी खोली असतेच. मोठ्या प्रकल्पांत सुविधा क्षेत्र म्हणून बिल्डरकडून जागा ताब्यात येतात, त्यातल्या कित्येक कुलूप लावून पडलेल्या आपण येता-जाता बघतो. नवीन नाट्यगृह किंवा समाजमंदिर बांधतानाच एक खोली अशी धरली तर खर्च वेगळा कळणार पण नाही, नंतर तोडून करायला गेलं की महाग पडतं. आकाशवाणीच्या केंद्रांमध्ये तर खोल्या तयारच आहेत, ज्या वेळात त्या रिकाम्या असतील तेवढे तास स्थानिक लोकांना भाड्याने द्या. भाडं घ्या ना, फुकट कोण मागतंय, तासाला दोनशे घ्या, फुकट ठेवलं की लोक नाव नोंदवून येत नाहीत हा माझा घरचा अनुभव आहे.

भानगडी होणारच. नगरसेवकाच्या भाच्याला शनिवार-रविवार मिळणार आणि बाकीच्यांना मंगळवारी दुपारी दोन. अर्ध्या वेळा पॉडकास्टवाले घेऊन जाणार, दोन खुर्च्या, एक कुंडी आणि यशस्वी कसे व्हावे. मला चिडचिड होईल, पण चालेल. नाट्यगृहाच्या तारखांचं पण हेच होतं, म्हणून आपण नाट्यगृहं बंद करा असं म्हणत नाही. फार तर एवढं करा की पाचपेक्षा जास्त माणसं एकत्र वाजवणार असतील त्यांना सुट्टीच्या दिवसाचा पहिला हक्क, कारण एकटा माणूस घरी गोधडी टांगून काम भागवू शकतो. मी भागवतोच आहे.

सरकारी फायलींची माहिती असणाऱ्या एका मित्राला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, हे बजेटच्या कुठल्या हेडखाली टाकायचं? क्रीडा? ग्रंथालय? सांस्कृतिक? की ध्वनिप्रदूषण? आम्ही दोघं हसलो, पण नंतर वाटलं, शेवटचं काही अगदीच चूक नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी कमी होतील ते काय कमी आहे? आमच्या सेक्रेटरींना विचारा, ते पहिली सही करतील.

सध्या आम्ही काय करतो ते सांगतो. ओळखीची एक शाळा आहे, रविवारी सकाळी सात ते नऊ एक वर्ग उघडून मिळतो. बाकं मागे ढकलायची, खिडक्यांवर सतरंज्या टांगायच्या, पंखा बंद, वॉचमनला चहा. तिथे मी बुवांच्या मंडळाला पुन्हा बसवलं, सगळे एकत्र, क्लिकशिवाय, चार माईक लावून. मध्ये एकदा रिक्षा ऐकू येते, एका अभंगात कावळा आहे, पण गजराला लय चढते तेव्हा अंगावर काटा येतो. बुवांनी ऐकलं आणि म्हणाले, कावळा राहू दे. ढोलकीवाल्या काकांना पण पुढच्या रविवारी बोलावलं होतं, चार वर्षांनी, त्यांनी ढोलकीला नवीन पान घालून घेतलंय. काल शाळेतून फोन आला की त्या दिवशी तिथे कुठल्यातरी भरतीची परीक्षा आहे, वर्ग मिळणार नाही. आता काकांना फोन करायचाय.